जुन्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय? सगळं खापर पेट्रोलवर फोडण्याआधी एवढं तपासा

नाशिक : "पूर्वी दोन हजारांच्या पेट्रोलमध्ये नाशिकच्या दोन चकरा व्हायच्या, आता दीडच होते." कळवण असो, येवला असो की सिन्नर, जुनी चारचाकी असलेल्या कुणालाही विचारा, हीच तक्रार ऐकायला मिळते. दहा-पंधरा वर्षांची अल्टो, वॅगन-आर, इंडिका नाहीतर बोलेरो. गाडी बंद पडत नाही, पण तेल पिते. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, "पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात ना, त्याचं हे."

इथेनॉलमुळे ॲव्हरेज कमी होतं, हे खरं आहे. पण सगळी घट त्याच्यामुळे नसते. मोठा वाटा बहुतेक वेळा गाडीतच दडलेला असतो, आणि त्यातला बराचसा थोड्या खर्चात परत मिळवता येतो.

पैशात किती फरक पडतो?

महिन्याला १००० किलोमीटर फिरणारी गाडी घेऊ आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरू. गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर महिन्याचा खर्च ७,००० रुपये. तीच गाडी १२ देत असेल तर ८,७५० रुपये. महिन्याला १,७५० आणि वर्षाला २१,००० रुपये नुसते जास्तीचे जातात. एवढ्यात चार नवे टायर येऊन वर पैसे उरतात.

इथेनॉलचा वाटा किती?

ऊस, मका, तांदूळ यांपासून तयार होणाऱ्या इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या चारचाकीचं ॲव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के कमी होईल, असा अंदाज दिला होता.

म्हणजे १५ देणारी गाडी १४ वर येईल. तुमची गाडी १५ वरून ११ वर आली असेल, तर त्यातला साधारण एक किलोमीटर इथेनॉलचा. बाकीचे तीन गाडीचे आणि चालवण्याचे. ते शोधायचे.

मात्र गाडी फार जुनी असेल तर पेट्रोलचे रबरी पाइप एकदा बघून घ्या. ते कडक झाले असतील, चिरले असतील किंवा गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी ते बदला. तिथे प्रश्न ॲव्हरेजचा नाही, आगीचा आहे.

आधी नीट मोजा

पाचशेचं टाकलं, काटा इथून तिथे गेला, हा अंदाज झाला. मोजायची पद्धत अशी :

१. पंपावर टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबा. वर काठोकाठ भरू नका.
२. किलोमीटरचा आकडा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.
३. रोजच्यासारखी २५० ते ३०० किलोमीटर चालवा.
४. त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत टाकी फुल करा.
५. चाललेले किलोमीटर भागिले आता बसलेले लिटर. उदाहरणार्थ, ३१२ किलोमीटर आणि २४ लिटर म्हणजे १३ चं ॲव्हरेज.

असं दोन-तीनदा करा, मगच आकडा खरा धरा. गाडीला मूळ मापापेक्षा मोठे टायर टाकले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो आणि ॲव्हरेज आहे त्यापेक्षा कमी दिसतं. शंका असेल तर मोबाईलच्या नकाशावर अंतर ताडून पाहा.

घरच्या घरी होणारी तपासणी

टायरची हवा : चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात हवेचा आकडा दिलेला असतो. लहान गाड्यांना तो साधारण ३० पीएसआयच्या आसपास असतो. हवा गाडी थंड असताना, म्हणजे सकाळी दोन-तीन किलोमीटरच्या आत तपासायची. उन्हात चालून आलेल्या टायरमध्ये आकडा जास्त दिसतो. पंधरा दिवसांतून एकदा हवा बघायची सवय ठेवा. टायर एका बाजूने झिजत असेल किंवा गाडी एकीकडे ओढत असेल तर व्हील अलाइनमेंट करून घ्या.

चाक जाम आहे का : जुन्या गाडीत हे कारण फार सापडतं आणि लक्षात मात्र सगळ्यात उशिरा येतं. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ भागात पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठ-आठ दिवस उभी राहते. ब्रेकचे भाग गंजतात आणि पाय उचलल्यावरही ब्रेक पूर्ण सुटत नाही. इंजिन ब्रेकशी झगडत गाडी ओढत राहतं. सपाट रस्त्यावर शक्यतो ब्रेक न लावता सात-आठ किलोमीटर चालवा, थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. लगेच हात टेकवू नका, भाजेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर ब्रेक घासतोय. दुसरी खूण म्हणजे सपाट जागी गाडी न्यूट्रल करून, हँडब्रेक सोडून ढकला. दोन माणसांना लहान गाडी सहज ढकलता आली पाहिजे.

ओझं : डिकीत पडून असलेली खताची गोणी, जुनी अवजारं आणि वरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. कॅरिअर वजनापेक्षा वारा अडवतं म्हणून जास्त खातं.

पीयूसीची पावती : आपण ती फक्त पोलिसांसाठी ठेवतो, पण तिच्यावर गाडीची तब्येत लिहिलेली असते. पेट्रोल गाडीच्या पावतीवर सीओचा आकडा बघा. बीएस-४ गाडीला मर्यादा ०.३ टक्के आहे, बीएस-२ आणि बीएस-३ ला ०.५ टक्के. आकडा मर्यादेच्या काठावर किंवा वर असेल तर पेट्रोल नीट जळत नाही, धुराबरोबर पैसेही जातायत. अर्थात, सायलेन्सरमध्ये नळी घालून खरंखुरं मोजलं असेल तरच या आकड्याला अर्थ आहे.

गॅरेजला काय सांगायचं?

"ॲव्हरेज वाढवून द्या" एवढंच सांगितलं की सर्व्हिसिंग होते, बिल होतं आणि ॲव्हरेज तिथेच राहतं. नेमकं विचारा.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आहे की काढलाय? गाडी गरम होते म्हणून आपल्याकडे हा व्हॉल्व्ह काढून टाकायची पद्धत आहे. मग इंजिन हवं तेवढं तापतच नाही. इंजिन थंड आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. निफाडच्या थंडीत, पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांत, हा तोटा आणखी वाढतो. दहा किलोमीटर चालूनही तापमानाचा काटा खालीच राहत असेल, किंवा काही गाड्यांतला निळा दिवा विझत नसेल, तर नवा व्हॉल्व्ह बसवा. गाडी पूर्वी गरम का होत होती, तेही शोधायला सांगा. बहुतेकदा रेडिएटर किंवा पंख्यात दोष असतो.

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? लागत असेल तर स्कॅनर लावून दोष वाचून घ्या. दिवा नुसता पुसून घेऊ नका. ऑक्सिजन सेन्सर खराब असेल तर पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार असा मोठा दोष दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंतही सुधारू शकतं.

प्लग कधी बदलले? आठवत नसेल तर काढून बघायला सांगा. काळे, झिजलेले प्लग बदलणं हा लहान खर्च आहे.

एअर फिल्टर : कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत फिल्टर चोंदला की ॲव्हरेज पडतं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत मात्र प्रामुख्याने पिकअप जातो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. फिल्टर बदलायचाच, पण त्याने तीन-चार किलोमीटर वाढतील अशी आशा धरू नका.

क्लच घसरतो का? वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे ओढत नाही, तर क्लच प्लेट गेली.

डिझेल गाडी काळा धूर सोडते का? जुन्या बोलेरो-इंडिकात काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. एअर फिल्टर, नोझल आणि टर्बो असेल तर त्याचे पाइप तपासून घ्या.

घाटात न्यूट्रल नको

कसारा घाट, चांदवडजवळचा राहूड घाट, सप्तशृंगी गडाचा रस्ता. उतार आला की गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर चावीच बंद करतात. इंजेक्शनच्या गाडीत यातून काही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केली की इंजिन चालू ठेवायला उलट पेट्रोल लागतं.

कार्बोरेटरच्या गाडीत थोडंफार वाचेलही, पण जीव त्यापेक्षा महाग आहे. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पकड सुटते. चावी बंद केली तर ब्रेक दगडासारखा कडक होतो आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

एरवीही वेग सांभाळा. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणून जुनी गाडी १२० ने पळवलीच पाहिजे असं नाही. वेग वाढतो त्याच्या कितीतरी पट वाऱ्याचा अडथळा वाढतो. ८० ते ९० वर डाव्या लेनमध्ये चाललात तर फरक पुढच्या टाकीलाच दिसेल.

यावर पैसे घालू नका

पेट्रोलच्या पाइपला लावायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी, चार्जिंगच्या सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र. व्हॉट्सॲपवर यांच्या जाहिराती फिरतात. यातलं काहीही घेऊ नका. जाम झालेला ब्रेक चुंबकाने सुटत नाही.

आणि शेवटचं : एका वेळी एकच काम करा, मग पुन्हा टाकी फुल करून मोजा. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. सुरुवात उद्या सकाळी हवेपासून करा आणि चाकांना हात लावून बघा.