निनवे नगरी का पडली?

नहूम संदेष्ट्याच्या पुस्तकावर प्रवचन करताना निनवेचा नाश पुष्कळदा आकाशातून अकस्मात कोसळलेल्या विजेप्रमाणे सांगितला जातो. इ. स. पू. ६६३ मध्ये अश्शूरी सैन्याने मिसरातील नो-आमोन, म्हणजेच थेबेस, हे नगर लुटले. नहूम तिसऱ्या अध्यायात निनवेला त्याच घटनेचे स्मरण देतो. त्यानंतर अवघ्या ५१ वर्षांनी निनवे स्वतःच भस्मसात झाली. एवढे सामर्थ्य इतक्या लवकर कसे लोपले?

तिग्लथ-पिलेसर तिसरा (इ. स. पू. ७४५–७२७) याने साम्राज्याची घडी बसविली. जिंकलेल्या मुलखांचे प्रांत करून त्यांवर अधिकारी नेमणे, खडे सैन्य बाळगणे आणि पराजितांना दूरदेशी नेऊन वसविणे ही तिची मुख्य अंगे होत. शोमरोन जिंकल्यावर २७,२९० लोक नेल्याचे सर्गोनाचा शिलालेख सांगतो. ही व्यवस्था कार्यक्षम होती, यात शंका नाही. परंतु मांडलिकांची निष्ठा मुख्यतः खंडणी आणि शिक्षेचे भय यांवर टिकून होती.

या व्यवस्थेचे मर्मस्थान बाबेल होते. सन्हेरीबाने इ. स. पू. ६८९ मध्ये ते प्राचीन व पूज्य नगर उद्ध्वस्त केले. त्याचा पुत्र एसर-हद्दोन याने ते पुन्हा उभारण्यास आरंभ केला आणि आपल्यामागे अशुरबनिपालास अश्शूरचे व शमाश-शुम-उकीन यास बाबेलचे राज्य मिळावे अशी तजवीज केली. इ. स. पू. ६५२ मध्ये या दोघा भावांत युद्ध पेटले. चार वर्षांनी बाबेल पडले व शमाश-शुम-उकीनचा अंत झाला. बाबेलास साहाय्य करणाऱ्या एलामावर सूड उगवून अशुरबनिपालाने शूशन नगरही लुटले. विजय पूर्ण झाला खरा, पण दक्षिणेत वैर मात्र धुमसत राहिले. पूर्वेस एलाम खिळखिळा झाल्याने मेदी लोकांना मोकळे रान मिळाले, असे काही इतिहासकार मानतात. मिसर तर तोवर हातचे निसटलेच होते.

अशुरबनिपालानंतर गादीसाठी कलह माजला. ही संधी साधून इ. स. पू. ६२६ मध्ये नबोपोलासर बाबेलचा राजा झाला. इ. स. पू. ६१४ मध्ये मेदी राजा सायक्सारेस याने अश्शूर हे मूळ नगर घेतले व नबोपोलासराशी तह केला. दोघांच्या सैन्यांनी सुमारे तीन महिन्यांच्या वेढ्यानंतर इ. स. पू. ६१२ मध्ये निनवे जिंकली. हा वृत्तांत १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या बाबेली मृत्तिका-बखरीत आहे. उरलेल्या सैन्याने हारान येथे आश्रय घेतला. त्याच्या साहाय्यास निघालेल्या फारो नखोस अडविताना योशीया राजा इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे पडला.

२०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, उत्तर इराकमधील कुना बा गुहेतील चुनखडीच्या थरांवरून, त्या शतकात दीर्घ अवर्षण पडल्याचा निष्कर्ष काढलेला आहे. अवर्षणाने राज्य दुर्बळ झालेही असेल. पण केवळ त्याने साम्राज्य बुडत नाही. संकटसमयी अश्शूरच्या बाजूने मुख्यतः मिसरच उभा राहिला, आणि तोही स्वार्थासाठी. ज्यांना त्याने केवळ भयाने बांधले होते, त्यांना भय ओसरताच बांधून ठेवणारे काही उरले नाही.

धर्मशिक्षकांनी येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, विजेत्या बाबेलाने तोच मार्ग धरला. त्याने यरुशलेम उद्ध्वस्त करून यहूद्यांना बंदिवासात नेले, आणि इ. स. पू. ५३९ मध्ये तेही पारसाच्या हाती गेले. म्हणून नहूमाचे वचन एका शत्रूच्या नाशापुरते समजू नये. भयावर उभारलेल्या प्रत्येक सत्तेला ते लागू पडते. दुसरी, नहूमाशेजारी योनाचे पुस्तकही वाचले पाहिजे, कारण त्यात देव त्याच निनवेचा कळवळा करतो. सुरियानी परंपरेच्या मंडळ्या, केरळातील मंडळ्यांसह, निनवेच्या पश्चात्तापाच्या स्मरणार्थ आजही तीन दिवसांचा उपवास पाळतात. निनवेचे अवशेष ज्या मोसूल शहरात आहेत, तेथील ख्रिस्ती लोकांना २०१४ साली घरेदारे सोडून पळावे लागले. निनवेच्या नाशावर बोलताना प्रवचनकाराच्या शब्दांत विजयाचा उन्माद येऊ नये, तो याचसाठी.