सोने सापडो वा न सापडो

ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे १८५१ मध्ये सोने सापडले. त्या काळचे खाणगाव ‘सॉव्हरिन हिल’ या नावाने १९७० पासून पर्यटकांसाठी पुन्हा उभे आहे. तेथे पाहुणे ओढ्यातला गाळ थाळीत घोळवतात. हलकी माती पाण्याबरोबर जाते, जड सोने तळाशी उरते. एखादा कण मिळाला की मौज वाटते. पण हाच खेळ पोटासाठी करणाऱ्याचा हिशेब वेगळा होता.

परवान्यासाठी सुरुवातीला दरमहा ३० शिलिंग भरावे लागत, सोने सापडो वा न सापडो. म्हणजे कर सोन्यावर नव्हता, शोधण्यावर होता. परवाना नसणाऱ्याला पोलीस पकडत. या जाचातून ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलरॅटमध्येच युरेका येथे रक्त सांडले. १८५५ मध्ये मासिक परवाना गेला. त्याऐवजी वर्षाला १ पौंडाचे हक्कपत्र आले, त्यासोबत मताधिकार मिळाला आणि कर निर्यातीच्या सोन्यावर बसला.

त्याच वर्षी मात्र व्हिक्टोरिया वसाहतीत उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर १० पौंडांचा कर लादला गेला. तो टाळण्यासाठी हजारो चिनी शेजारच्या वसाहतीतील रोब बंदरावर उतरून शेकडो किलोमीटर चालत खाणींवर आले. एकाचा जाच सुटला, तेव्हाच दुसऱ्याचा सुरू झाला.