नवरदेव उशिरा, वयं खोटी!

९ मार्च १७९६, पॅरिस. नोंदणी पद्धतीचं लग्न. नवरी नटूनथटून बसलेली आणि सेनापती नेपोलियन बोनापार्ट यांचा पत्ता नाही. दोनेक तासांनी स्वारी उगवली, तोवर नोंदणी अधिकारी कंटाळून घरी गेलेले. मग लग्न लावलं त्यांच्या मदतनिसाने, ज्याला तो अधिकारच नव्हता. एक साक्षीदार तर वयातही आलेला नव्हता!

वयाचं म्हणाल तर वधूवरांचाही आनंदच होता. जोसेफिन बत्तीस वर्षांची, नेपोलियन सव्वीसचा. तिने चार वर्षं गाळली, त्याने दीडेक वर्ष चढवलं आणि कागदावर दोघं अठ्ठावीसचे झाले.

बाकी मेळ कशाचाच नव्हता. हा कॉर्सिका बेटावरचा, हेल काढून फ्रेंच बोलणारा तोफखान्यातला गडी. ती पॅरिसच्या बैठका गाजवणारी, दोन मुलांची विधवा. पहिल्या नवऱ्याचं डोकं १७९४ मध्ये गिलोटिनखाली गेलेलं. तीही तुरुंगातच होती, पण पाचच दिवसांत क्रांतीतल्या दहशतीचा सूत्रधार रोबस्पिअर संपला आणि ती वाचली. पॅरिस तिला रोझ म्हणायचं, जोसेफिन हे नाव नेपोलियनने ठेवलं. लग्नात नवरीचं नाव बदलायची हौस फक्त आपल्याकडेच नव्हती तर!

सौंदर्याची एवढी ख्याती, पण दात किडके. मार्टिनिक बेटावर उसाच्या मळ्यात गेलेलं बालपण! म्हणून ती ओठ मिटूनच हसायची आणि लोक त्या हसण्यावरही भाळायचे.

पहिल्या रात्री पलंगावर तिचा पग कुत्रा फॉर्च्युने ठाण मांडून बसला होता. तो हलला तर नाहीच, वर नवरदेवाच्या पोटरीला चावला म्हणे. दोन दिवसांनी सेनापती इटलीच्या मोहिमेवर गेले. तिथून पत्रांचा पाऊस! बाईंना उत्तर लिहायला सवड नव्हती, कारण इपोलित शार्ल नावाचा देखणा हुसार (हलक्या घोडदळातला) अधिकारी. पुढे इजिप्तच्या मोहिमेत हे कानावर आलं, तेव्हा नेपोलियनने थोरल्या भावाला पत्र लिहून मन मोकळं केलं. ते पत्र इंग्रजांनी समुद्रात पकडलं आणि लंडनच्या वर्तमानपत्रात छापून टाकलं. घरचं दुखणं थेट शत्रूच्या चहाच्या टेबलावर.

तो परतेपर्यंत बाईंनी पॅरिसजवळची मालमेझोंची हवेली खरेदी केली होती. पुढे तिथे गुलाबांच्या शेकडो जाती, कांगारू आणि ऑस्ट्रेलियाचे काळे हंसही आले. काश्मिरी शालींचा तर खच होता.

१८०४ मध्ये सम्राट होताना त्याने तिला स्वतःच्या हाताने मुकुट घातला, १८०९ मध्ये वारस नाही म्हणून काडीमोड घेतला. दुसऱ्या बायकोकडून मुलगा झाला, पण त्याला राज्य काही करता आलं नाही. १८५२ मध्ये फ्रान्सचा सम्राट झाला तो जोसेफिनच्या लेकीचा मुलगा. (ही लेक तिने सख्ख्या दिरालाच दिली होती!)

आणि जोसेफिनसाठी नेपोलियनने जिच्याशी ठरलेलं लग्न मोडलं, ती देझिरे? ती स्वीडनची राणी झाली. १८२३ मध्ये तिच्या मुलाने बायको केली ती जोसेफिनची नात. सूनबाईंचं नावही जोसेफिनच!