बत्तीस फुटांची शिस्त

मासेमारीतल्या एखाद्या बलाढ्य यंत्रावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. मी अडकलो ते अलास्कातल्या एका बसक्या बोटीपाशी. ब्रिस्टल बेमधली सॅमनची बोट लांबीला ३२ फूट, आणि नवी असेल तर रुंदीला त्याच्या जवळजवळ निम्मी. पाण्यावर सोडलेली पत्र्याची पेटीच जणू. कुठलाही बोटबांधणीचा कारागीर आपण होऊन असा घाट देणार नाही. तो कायद्याने दिला आहे. लांबी ३२ फुटांपलीकडे जाता कामा नये, असं कायदा म्हणतो. रुंदीबद्दल तो बोलत नाही. मग बोटी आडव्या वाढल्या.

ब्रिस्टल बे म्हणजे बेरिंग समुद्राचा पूर्वेकडचा कोपरा. जगात मोकळ्या समुद्रात वाढलेला जेवढा सॉकाय सॅमन पकडला जातो, त्यातला साधारण निम्मा इथला. १८८४ पासून इथे मासळी डबाबंद करणारे कारखाने उभे राहिले. बोटी कारखान्यांच्याच. १९५१ पर्यंत या खाडीत सॅमन पकडणाऱ्या बोटीला इंजिन लावायची मनाई होती. दोन माणसं शिडाच्या होडीतून जात आणि जाळं हातांनी ओढत. मनाईमागे माशांची काळजी होती, तसा कारखानदारांचा सोयीस्कर हिशेबही होता.

इंजिन आलं, जाळं ओढणारा हायड्रॉलिक रहाट आला, मासळी थंड ठेवणारी यंत्रणा आली. जाळ्याचं मूळ तत्त्व मात्र तेच राहिलं. एका बोटीला १५० वाव जाळं, म्हणजे ९०० फूट. वर बोयांची दोरी, खाली शिशाची, मध्ये नायलॉनची भिंत. जाळ्याचा आस, म्हणजे एक डोळा, ताणून मोजला तर सव्वापाच इंचांच्या आसपास. गढूळ पाण्यात माशाला जाळं दिसत नाही. तो डोकं घालतो, धड अडतं, आणि मागे सरकू लागला की धागा कल्ल्यांत रुततो. लहान मासा आरपार निघून जातो. फार मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही. कोणता मासा घ्यायचा याची निवड आस करतो.

जाळं वर आलं की काम पुन्हा हातावर येतं. मूठ असलेल्या लहानशा आकड्याने कल्ल्यातला धागा उचलायचा, मासा मोकळा करायचा, की लगेच पुढचा. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा हा हंगाम. त्यातही खरा जोर जुलैच्या सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांचा. तेवढ्यात वर्षाची कमाई करायची, म्हणून खलाशी झोप बाजूला ठेवतात.

पण या व्यवसायाचा लगाम बोटीवर नाही. तो वर नदीत, काठावरच्या एका मनोऱ्यावर आहे. सॉकाय प्रवाहाची ओढ टाळत काठाकाठाने वर चढतो. तिथे पाणी नितळ असतं. मनोऱ्यावरचा माणूस दर तासाला दहा मिनिटं, दोन्ही काठांवर, जाणारे मासे मोजतो. त्या आकड्याला सहाने गुणलं की तासाचा हिशेब. रात्री दिवे लावून हेच. अंडी घालायला किती मासे वर पोहोचले पाहिजेत, हे प्रत्येक नदीसाठी ठरलेलं आहे. नॅकनेक नदीसाठी ते ८ लाख ते २० लाख. मोजणी मागे पडली तर जाळी बोटीतच राहतात; पुढे गेली तर राज्याच्या मत्स्यविभागाचे जीवशास्त्रज्ञ मासेमारी किती वाजता उघडणार, किती वाजता बंद होणार, हे जाहीर करतात. आपल्या किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलैची बंदी कॅलेंडर पाहून लागते. तिथली बंदी मासा पाहून लागते आणि उठते. मला त्या बुटक्या बोटीइतकंच या दहा मिनिटांचं कौतुक वाटतं.

परवान्यांची शिस्त मात्र चटका बसल्यावर आली. १९७३ मध्ये खाडीतली सॉकायची पकड दहा लाखांच्याही खाली गेली. त्याच वर्षी अलास्काने परवान्यांची संख्या बांधून टाकणारा कायदा केला. १९७६ च्या कायद्याने परदेशी ताफ्यांना २०० सागरी मैलांच्या आतल्या मासेमारीसाठी अमेरिकेची परवानगी घ्यावी लागू लागली. २०२२ मध्ये ७ कोटी ९० लाख सॉकाय परतले आणि त्यातले सुमारे ६ कोटी पकडले गेले. खाडीच्या नोंदींतला हा उच्चांक.

मासा वाचला. मासेमाराचं तसं सांगता येत नाही. उच्चांकाच्या त्या वर्षी पौंडाला मूळ भाव १ डॉलर १५ सेंट होता. २०२३ मध्ये तो ५० सेंटवर आला. नॉर्वे आणि चिलीतल्या पिंजऱ्यांत वाढवलेला सॅमन बाराही महिने बाजारात असतो. अलास्काने आपल्या पाण्यात अशा मत्स्यशेतीला १९९० मध्ये बंदी घातली, पण जगाच्या बाजारात ती बंदी चालत नाही. परतणारा मासाही पूर्वीपेक्षा लहान भरू लागला आहे. तेवढ्याच वजनासाठी जास्त मासे सोडवावे लागतात. नद्यांच्या उगमाकडे तांब्या-सोन्याची पेबल खाण खोदण्याचा बेत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या नद्या-पाणथळींत खाणीचा राडारोडा टाकायला मनाई केली. कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली.

सगळ्यांत अवघड गाठ परवान्याची आहे. संख्या बांधली गेल्यामुळे परवान्याला किंमत आली, आणि तो विकता येतो. वाईट हंगामात कर्ज फेडायला खाडीकाठच्या गावातलं एखादं कुटुंब तो विकतं. घेणारा बहुधा बाहेरचा असतो. पुढच्या पिढीला तोच परवाना परत घ्यायचा, तर नवी बोटही हवी आणि मोठं कर्जही. १९७५ पासून स्थानिकांच्या हातातले परवाने असेच कमी होत गेले. किती मासे पकडायचे, हे नदीवरच्या मोजणीने नीट बांधून दिलं. ते कोणी पकडायचे, हा निर्णय मात्र परवान्यांच्या कायद्याने बाजारावर सोडला, आणि बाजाराने तो पैसेवाल्याच्या बाजूने दिला.