पँथिऑन रोडवरचे विहार

तवांग किंवा स्पितीतलं ‘की’, असे किल्लेवजा बौद्ध मठ डोंगरमाथ्यावर, आडवाटेला होते म्हणून टिकले. दक्षिणेतले विहार मात्र नदीकाठी, बंदरात, व्यापाऱ्यांच्या राबत्यात उभे राहिले आणि जमीनदोस्त झाले. त्यांचं उरलंसुरलं बघायला चेन्नईत एग्मोरला पँथिऑन रोडवरच्या सरकारी संग्रहालयात जावं. संग्रहालय 1851 सालचं. शुक्रवारी बंद असतं.

मराठी माणसाने आधी अमरावती दालन गाठावं. ही अमरावती आंध्रातली, पण परकी नव्हे. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेच्याच काठी ती वसली आहे आणि पैठणच्या सातवाहनांची सत्ता तिथवर पोचली होती. वासिष्ठीपुत्र पुळुमावीचं नाव नाशिकच्या पांडवलेण्यात आहे, तसंच अमरावतीच्या शिलालेखातही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथला जमीनदार वासिरेड्डी वेंकटाद्री नायडू नवं गाव वसवत होता. दगडांसाठी त्याची माणसं तिथल्या जुन्या बौद्ध स्तूपाचा ढिगारा उकरू लागली. पुढे कॉलिन मॅकेंझी या ब्रिटिश अधिकाऱ्याने उरलेल्या शिळांची रेखाटनं करून घेतली. वॉल्टर एलियट या दुसऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1845मध्ये खोदकाम केलं. शिळा मद्रासला आल्या, बरीच वर्षं उघड्यावर पडल्या आणि 1859मध्ये त्यांतल्या 121 लंडनला रवाना झाल्या. मागाहून सापडलेल्या इथे राहिल्या, त्या भिंतीत सिमेंटने पक्क्या बसवल्या गेल्या. ओल आणि क्षारांनी चुनखडकाला पोखरलं ते त्यामुळेच. चोरापेक्षा राखणदारच महागात पडला म्हणायचा!

तरी नालागिरी हत्तीच्या गोल शिल्पापुढून पाय निघत नाही. डावीकडे पिसाळलेला हत्ती माणसं तुडवतोय, एकाला सोंडेत धरून भिरकावतोय. वर खिडक्यांतून डोकावणारे चेहरे, भेदरून शेजारच्याला बिलगलेली बाई. उजवीकडे तोच हत्ती बुद्धापुढे गुडघे टेकून. सगळा गलका एका वर्तुळात मावलाय, आणि तरी कुठे खेचाखेच नाही.

इथून बाहेर पडून कांस्यदालनात जावं. गर्दी नटराजापुढे असते. नागपट्टणम बंदरातले बुद्ध त्या मानाने एकटेच. राजराज चोळाच्या काळात श्रीविजयच्या, म्हणजे सुमात्राकडच्या, राजाने तिथे चूडामणी विहार बांधला आणि चोळांनी त्याला आनैमंगलम गाव तोडून दिलं. नागपट्टणमला उरलेला विटांचा जुना मनोरा 1867मध्ये जेझुइटांनी पाडला. त्या परिसरात साडेतीनशेच्या आसपास मूर्ती सापडल्या. बहुतेक लहानखुऱ्या, हातात मावतील अशा. डोक्यावरच्या ज्योतीवरून त्या चटकन ओळखता येतात.