हुमणीच्या मागावर बुरशी

काळेवाडीहून पवनेचा पूल ओलांडला की पिंपरी. तिथे 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने देशाला पेनिसिलिन दिले, तेही एका बुरशीपासून. आज काळेवाडीत शेती फारशी उरलेली नाही. पण पश्चिमेला कासारसाई-दारुंब्रेला संत तुकाराम साखर कारखाना आहे. जिथे ऊस तिथे हुमणीची धास्ती, आणि तिच्यावरचा एक उपायही बुरशीच आहे.

हुमणी ही भुंगेऱ्याची अळी जमिनीत राहून मुळे कुरतडते. पाने पिवळी पडेपर्यंत पत्ता लागत नाही. मग उसाचे बेट ओढले की ते सहज हातात येते. दाट उसात, मातीच्या आत दडलेल्या अळीपर्यंत रासायनिक औषध पोहोचवणे कठीण. मेटारायझियम मात्र मातीतच राहणारी बुरशी. 1879 मध्ये शास्त्रज्ञ मेच्निकॉफ यांनी ओडेसाजवळ गव्हावरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर तिचा अभ्यास केला. तो भुंगेरा हुमणीच्याच कुळातला.

अळीने ही बुरशी खावी लागत नाही. बीजाणू त्वचेला चिकटतो, ओलावा मिळताच रुजतो. प्रथिने आणि कायटिन विरघळवणारी विकरे सोडत, दाब देत तो कवचातून आत शिरतो. मग अळीच्या रक्तात बुरशी वाढते, विषारी द्रव्ये सोडते. अळी खाणे सोडते आणि काही दिवसांत मरते. ओल असेल तर मेलेल्या अंगावर आधी पांढरी, मग हिरवी बुरशी उगवते आणि नवे बीजाणू मातीत मिसळतात.

पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट उसासाठी बुरशीजन्य कीडनाशके तयार करते. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे आणि सहकाऱ्यांनी हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी मेटारायझियमवर दीर्घकाळ काम केले. तरीही शेतकरी कधीकधी निराश होतो, कारण फवारल्याच्या दुसऱ्या दिवशी मेलेल्या अळ्या दिसाव्यात अशी त्याची अपेक्षा असते. माझ्या मते विक्रेत्याने हे आधीच स्पष्ट सांगायला हवे: पाकिटातले बीजाणू जिवंत आहेत. उन्हात तापलेल्या गोदामात ते मरतात, बुरशीनाशकासोबत मिसळले तरी मरतात. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, पावसाळ्याच्या सुरुवातीला, अळ्या लहान असताना ओलसर मातीत द्यावेत. पिकावर फवारायचे तर संध्याकाळी.

आणखी एक काळजी. बिव्हेरिया ही अशीच दुसरी बुरशी. शेजारी रेशीमकिड्यांसाठी लावलेली तुतीची बाग असेल तर बिव्हेरिया फवारू नये. 1835 मध्ये शास्त्रज्ञ बास्सी यांनी रोगाचे कारण म्हणून तिला ओळखले, ते रेशीमकिड्यांच्याच साथीत.