नाव एक, क्रिया अनेक

कामगार आणि मालक यांच्यात करार व्हायचा, तर 'पाळी' म्हणजे किती तास आणि 'नग' कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. शब्द सैल राहिला की मिटलेले भांडण मागच्या दाराने पुन्हा आत येते. वैद्यकीय संशोधनाचेही असेच आहे, आणि त्याचे उदाहरण पाहण्यासाठी आपल्याला लोणावळ्याबाहेर जावे लागत नाही.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. योगक्रियांचा शरीरावरील परिणाम त्यांनी क्ष-किरणांनी व दाबमापक यंत्रांनी तपासला. परंतु यंत्र नुसता आकडा देते. तो कोणत्या क्रियेचा, हे शब्दच सांगतो. कपालभातीच घ्या. 'हठप्रदीपिके'त ती लोहाराच्या भात्यासारखी जलद श्वासोच्छ्वासाची क्रिया आहे. 'घेरंडसंहिते'त तिचे तीन प्रकार असून त्यांपैकी दोहोंत नाकातोंडावाटे पाणी घेऊन सोडायचे असते! एका डॉक्टराने रोग्यांकडून पहिली क्रिया करवून घेतली, दुसऱ्याने दुसरी, आणि दोघांनीही 'कपालभाती' एवढेच लिहिले, तर त्यांच्या निष्कर्षांची बेरीज कशी करावी? अशा संज्ञांचे अर्थ आधारासह एकत्र मांडणाऱ्या कैवल्यधामाच्या 'योगकोशा'चा पहिला खंड १९७२ मध्ये निघाला, त्याचे मोल येथे कळते.

जगानेही हीच वाट धरली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० मध्ये विषयनामांची यादी प्रसिद्ध केली. लेखक 'कॅन्सर' लिहो वा 'ट्यूमर', त्या यादीमुळे लेख एकाच नावाखाली सापडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात २०२४ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांचाही विभाग आला.

हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. दगडाच्या बारीक धुळीने होणारा सिलिकोसिस व्यवसायजन्य रोगांच्या कायदेशीर यादीत आहे. क्षयासारखीच त्यातही खोकला आणि धाप ही लक्षणे असतात. कागदावर नुसते 'क्षय' असे पडले, की धुळीचे नाव पुसले जाते. मग कामगाराचा भरपाईचा दावा लंगडा पडतो, औषधाची दिशा चुकते, आणि संशोधकाच्या मोजणीतून तो माणूसच गळतो.

म्हणून मित्रहो, दवाखान्यात गेल्यावर काम कोणते, धूळ कशाची आणि किती वर्षांची, हे आग्रहाने लिहून घ्यावे. शास्त्राचा समान शब्दकोश पंडित रचतील. त्यात भरावयाची खरी माहिती मात्र आपल्याच तोंडून गेली पाहिजे.